पिवळा डबा आणि करडईचें तेल

तूप हा शब्द मराठी घरांत शेंकडों वर्षें एकटाच नांदत होता. त्याला विशेषण लावण्याची गरज पडे ती फार तर गाईचें कीं म्हशीचें, एवढें सांगण्यापुरती. आज वाण्याच्या दुकानीं नुसतें 'तूप द्या' म्हटलें तर 'कोणतें?' असा उलट प्रश्न येतो, आणि गिऱ्हाइकास 'साजूक' असा खुलासा करावा लागतो. साजूक म्हणजे मूळचें ताजें. त्या शब्दास 'अस्सल' हा अर्थ चिकटला, त्यास बव्हंशीं एक पिवळा डबा कारण झाला. त्यावर हिरवें माडाचें झाड होतें आणि नांव होतें डालडा.

तेलांत निकेल धातूची पूड घालून त्यांतून हायड्रोजन वायु सोडला म्हणजे तेल थिजून घट्ट होतें. या जातीच्या क्रियांचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ साबात्ये यांचा. १९१२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें याच कामाबद्दल. पातळ तेलास ही क्रिया लागू करून जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनीं १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें. हिंदुस्थानांत हा पदार्थ प्रथम हॉलंडहून येत असे. तो धाडणाऱ्या पेढीचें नांव 'डाडा' होतें, आणि लीव्हर कंपनीनें त्यांत आपल्या नांवाचा 'ल' बसवून 'डालडा' केलें, अशी कथा सांगतात. या कंपनीनें १९३१ सालीं येथें हिंदुस्थान वनस्पति मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, पुढल्याच वर्षीं मुंबईस शिवडीच्या कारखान्यांत माल निघूं लागला, आणि १९३७ सालीं डालडा हें नांव बाजारांत आलें.

माल तयार करणें सोपें होतें; तो खपविणें अवघड. शेंगदाण्याचें तेल विकावयाचें, पण तेल म्हणावयाचें नाहीं. तुपाच्या शेजारीं बसवावयाचें, पण तूप म्हणावयाचें नाहीं! हें कोडें सोडविण्याचें काम लिंटास या जाहिरात-संस्थेकडे आलें. तिनें केलेली योजना या देशांत तोंवर कोणीं पाहिली नव्हती. चित्रपटगृहांत दाखविण्यासाठीं छोटा बोलपट काढला. डब्याच्याच आकाराची मोटार रस्त्यांतून फिरविली. चव्हाट्यावर चुली मांडून लोकांच्या डोळ्यांदेखत पदार्थ तळले आणि तेथल्या तेथें चाखावयास दिले. वाचतां येणाऱ्यांच्या हातीं पत्रकें, न येणाऱ्यांच्या नाकाशीं वास! आणि खरी मख्खी डब्यांत होती. घरच्या गृहिणीसाठीं लहान गोल डबा. खाणावळी व उपाहारगृहें यांच्यासाठीं मोठा चौकोनी. माल एकच, पण घेणाऱ्याची ऐपत आणि गरज पाहून त्याचीं मापें निराळीं. ग्राहकांचे असे वर्ग पाडण्याच्या विद्येस वेंडेल स्मिथ या अमेरिकन लेखकानें १९५६ सालीं शास्त्रीय नांव देऊन निबंध लिहिला. व्यापाऱ्यांनीं ती त्याआधींच अंगीं बाणविली होती.

रिकामा डबा तर कोणीं टाकलाच नाहीं. त्यांत डाळी राहिल्या, अंगणांत तुळशीचीं रोपें वाढलीं, आणि तो अखेर कोणत्या कामीं आला हें सांगण्याची जरुरी नाहीं. जाहिरातदारास फुकटची जाहिरात घरोघर मिळाली, ती अशी.

मात्र या यशास एक काळी बाजू होती. पांढरें, रवाळ, गंधहीन असें हें द्रव्य तुपांत मिसळलें तर डोळ्यांस ओळखूं येत नसे, आणि लबाड व्यापाऱ्यांनीं ही सोय ओळखण्यास वेळ लावला नाहीं. महात्मा गांधींनीं वनस्पति तुपास उघड विरोध केला. त्यास रंग द्यावा म्हणजे भेसळ दिसेल, अशी मागणी पुष्कळ वर्षें चालली. पण टिकाऊ व निरुपद्रवी रंग कांहीं जमला नाहीं. संसदेंत बंदीचीही भाषा झाली. बंदी झाली नाहीं. उपाय निघाला तो तिळाचा. वनस्पति तुपांत शेंकडा ५ या प्रमाणांत तिळाचें तेल घालावें असा नियम झाला. संशयित तुपांत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल टाकून हालविलें कीं तिळाच्या अंशानें खालचा थर गुलाबी होतो आणि चोरी उघडकीस येते. जाहिरातीनें पुसून टाकलेली सीमारेषा तिळानें पुन्हां आंखून दिली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां गोदाकांठीं वळूं. संत जनाबाईंचें गंगाखेड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. परभणीहून परळीस जाणाऱ्या लोहमार्गावरचें हें गांव. भोंवतालची जमीन काळी. या जमिनींत ओल धरून हिवाळ्यांत पिकणारी करडई मराठवाड्याच्या अन्नाचा जुना आधार आहे. तेल्याच्या घाण्यावर तिचें तेल निघे, पेंड बैलांस जाई, कोंवळ्या पानांची भाजी होई, आणि कांटेरी म्हणून शेताच्या कडेला पेरलेली करडई गुरांना आंत येऊं देत नसे. ज्वारीची भाकरी, चटणी आणि वर करडईचें तेल, हें खाणें गरिबाचें मानलें जाई. पिवळ्या डब्याचा मोह अशाच घरांना अधिक. पाहुण्यापुढें तेल ठेवण्यापेक्षां 'तूप' ठेवणें केव्हांही मानाचें.

आणि नेमक्या त्याच तेलाचें पुढें काय झालें? हृदयविकाराच्या चर्चेंत, थिजणाऱ्या चरबीपेक्षां करडईसारखीं पातळ तेलें रक्तांतील कोलेस्टेरॉल कमी ठेवतात, असें वैद्यकशास्त्र सांगूं लागलें. करडईच्या तेलांतील लिनोलेइक आम्लाचें प्रमाण शेंकडा ७० च्याही वर असतें. मुंबईच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजनें १९६० नंतरच्या दशकांत हें तेल 'सफोला' या नांवानें आणलें. 'सॅफ्लॉवर' या करडईच्या इंग्रजी नांवाचा ध्वनि त्यांत आहे. १९९० पासून हा व्यवहार मॅरिको कंपनीकडे गेला. येथें रीत उलटी होती. डालडानें सर्वांना हांक मारली. सफोलानें शहरांतल्या, पगारदार, छातीवर हात ठेवून जिने चढणाऱ्या गृहस्थालाच तेवढें गाठलें. गंगाखेडच्या चुलीवर जें गरिबीचें लक्षण, तें दादरच्या फडताळांत पथ्याचें आणि सुबत्तेचें चिन्ह ठरलें. तेल तेंच, पण घेणारा बदलला आणि भावही बदलला. पुढें याच नांवाखालीं मिश्र तेलें आलीं, त्यांत भाताच्या कोंड्याचेंही तेल असतें.

डालडाचें नांव २००३ सालीं बुंगे या कंपनीस विकलें गेलें. अर्धवट थिजविलेल्या तेलांतील ट्रान्स मेदाम्लें हृदयास अपायकारक ठरलीं, आणि जानेवारी २०२२ पासून भारतांत त्यांची मर्यादा शेंकडा २ वर आणण्यांत आली. ज्या सुधारणेचा १९३७ सालीं डंका पिटला, तिच्यावर कायद्यानें असा अंकुश आला.

परभणीच्या कृषि विद्यापीठानें करडईचे सुधारलेले वाण काढले. एकाचें नांवच 'परभणी कुसुम' आहे. तरी शिवारांत करडईचा पेरा घटत गेला आहे. खरिपांत सोयाबीन आणि रब्बींत हरभरा यांनीं जमीन व्यापली. कांट्यांमुळें कापणीस मजूर मिळत नाहींत, आणि शहरांत बाटलीवर चढलेल्या किंमतीपैकीं शेतकऱ्याच्या पदरीं काय पडतें, याचा हिशेब त्यानें केव्हांच मनांत करून ठेवला आहे.