आद्दा नदीकाठचे गिरणीचे गाव

धुण्याचे गाठोडे घेऊन नदीवर जाण्याचे कष्ट आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींना सांगावयास नकोत. थंडीत बोटे बधिर होतात, पुराच्या दिवसांत जीव मुठीत धरून पायऱ्या उतराव्या लागतात. इटलीच्या उत्तर भागात, लोंबार्दी प्रांतात, आद्दा नदीच्या काठी क्रेस्पी द'आद्दा नावाचे एक लहानसे गाव आहे. बायकांचे हे नदीवरचे हेलपाटे वाचावेत म्हणून तेथे धुण्याची जागा गावातच बांधून दिली होती. ती देणारे होते गिरणीचे मालक.

क्रिस्तोफोरो बेनिन्यो क्रेस्पी यांनी १८७८ साली येथे सुताची गिरणी काढली. नदीच्या पाण्याच्या बळावर यंत्रे फिरू लागली, आणि मजुरांसाठी शेजारीच गाव वसले. आरंभी मोठाल्या सामायिक इमारती बांधल्या होत्या. पुढे मालकांचे चिरंजीव सिल्व्हिओ यांनी त्याऐवजी लहान घरे बांधविली. प्रत्येक घराभोवती कुंपण आणि भाजीपाल्यापुरती बाग. शाळा, दवाखाना, चर्च, नाट्यगृह, सारे मालकांच्या खर्चाने झाले. जन्मापासून मरणापर्यंतची सोय एका गिरणीने केली होती म्हणा ना!

मात्र घर गिरणीचे होते, राहणाऱ्याचे नव्हे. नोकरी सुटली की चूलही उचलावी लागे. ज्या बाईने अंगणात भाजी लावली, तिला पुढच्या हंगामाची शाश्वती नवऱ्याच्या वा तिच्या स्वतःच्या नोकरीइतकीच. मालकांचा किल्ल्यासारखा वाडा गावाकडे पाहत उभा होता. दफनभूमीतही क्रेस्पी घराण्याची उंच समाधी मागे, आणि तिच्यापुढे मजुरांच्या साध्या क्रुसांच्या रांगा!

१९२९ च्या मंदीच्या सुमारास क्रेस्पी घराण्याच्या हातून हे सारे गेले. गिरणी इतरांच्या हाती चालत राहिली, आणि या शतकाच्या आरंभी तिचा भोंगा कायमचा थांबला. त्याआधीच, १९९५ साली, युनेस्कोने या गावाची जागतिक वारसा म्हणून नोंद केली होती.

आजही तेथे माणसे राहतात. त्यांतील कित्येक जुन्या मजुरांचीच नातवंडे-पतवंडे. आता घरे गिरणीची नाहीत. मालकांनी दिलेल्या सोयी खऱ्याच होत्या, त्यांचे मोल कमी लेखू नये. परंतु बागेतील झाड आपले आहे, उद्या कोणी उठविणार नाही, हा विश्वास कोणत्याही मालकाला देणगी म्हणून देता आला नाही. वर्धापनदिनी मंडळाच्या भगिनींनी एवढे मनात धरावे, असे वाटते.