बादशाही खंजीर आणि तीन होन

कुवेतच्या अल-सबाह संग्रहात एक मोगल खंजीर आहे. इ. स. १६२०च्या सुमाराचा, म्हणजे जहांगीराच्या अमदानीतला. मूठ आणि म्यान सोन्याने मढवलेली. त्यावर माणके, पाचू, हिरे अशी दोन हजारांहून अधिक रत्ने कुंदनकामाने बसवलेली. कलेचे अभ्यासक त्यात दरबाराची रसिकता पाहतात. मी इतिहास शिकवतो. मला त्यात मजुरी दिसते.

मोगलांकडचे बहुतेक पाचू कोलंबियातून येत. तिथल्या मुझोच्या खाणींत स्पॅनिश विजेत्यांनी मूळ रहिवाशांना जुंपले होते. हिरे मात्र मुख्यतः आपल्या दख्खनचे. १६२२च्या सुमारास मेथवोल्ड या इंग्रज व्यापाऱ्याने कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीवर सुमारे ३०,००० माणसे राबत असल्याचे नोंदवले. पुढे त्याच खाणीसाठी ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने ६०,०००चा आकडा दिला. त्यात बाया होत्या, पोरेही होती.

रावलकोंड्याच्या खाणीतली मजुरीही ताव्हर्नियेने लिहून ठेवली आहे. कामात मुरलेल्या माणसाला वर्षाला तीन होन. अंगावर फक्त लंगोटी. हिरा कोणी गिळू नये म्हणून पन्नास मजुरांवर बारा ते पंधरा राखणदार. तरीही एकाने डोळ्याच्या कोपऱ्यात हिरा दडवलाच.

ही नोंद नीट वाचली पाहिजे. राबणारा अडाणी, त्याला रत्नाची काय पारख, असे म्हणण्याची सोय ती ठेवत नाही. पारख नसती, तर चार मजुरांमागे जवळजवळ एक राखणदार कशाला लागला असता? मालकांनी पहाऱ्यावर खर्च केला, मजुरी वाढवली नाही. मजुरी इतकी तुटपुंजी म्हणूनच ही माणसे हिरा लपवायला कचरत नाहीत, हे ताव्हर्नियेच सांगतो. ज्याला तो चोरी म्हणतो, त्यात मला आपल्या श्रमाचे मोल ओळखणारा माणूस दिसतो.

माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझ्या वर्गातली कित्येक मुलेही तशीच. "सर, आपली माणसे इतिहासात कुठे आहेत?" असे ती विचारतात. त्या खाणकामगारांना आपले पूर्वज ठरवण्याची मला घाई नाही. पण लिहिता न येणाऱ्यांचा पुरावा कुठे शोधायचा, हे इथे शिकता येते : मालकाच्या हिशेबात, पहारेकऱ्यांच्या संख्येत, चोरीच्या तक्रारीत. खंजिराचे चित्र पुस्तकात जरूर असावे. त्याच्याखाली तीन होनांचा आकडाही छापावा.