पाहुणा कीं भाऊ?

परदेशीं स्थिरावलेल्या वडील भावानें पाठच्या भावंडास तिकडे बोलावून घ्यावें, ही गोष्ट आपल्या सुशिक्षित घरांत आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. घरांत बोलणें निघतें तें एवढेंच : “दादा तिकडचा नागरिक झाला आहे, धाकटा शिकायला गेलाच आहे, मग दादानें त्याच्यासाठीं अर्ज कां करूं नये?” प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरांत शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास गुंतलेला आहे.

घर सोडून जाणें आपल्याकडे नवें नव्हे. बिंदुसरेच्या धरणाशेजारीं वसलेलें बीडजवळचें पाली हें गांव घ्या. ज्या जिल्ह्यांत तें आहे, तेथून दर वर्षीं पावसाळा सरल्यावर हजारों ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाची उचल घ्यावयाची, नात्यागोत्याच्या माणसांसह टोळींत निघावयाचें आणि हंगाम सरला कीं घरीं यावयाचें. या जाण्यांत हाल पुष्कळ आहेत. पण आप्तांबरोबर जाणें आणि परत येणें या दोन गोष्टींत तेथें विरोध नाहीं. अमेरिकेच्या कायद्यानें मात्र या दोहोंची फारकत केली आहे. विद्यार्थी हा परत जाणारा पाहुणा, आणि भाऊ हा राहावयास येणारा आप्त, अशी त्याची वांटणी आहे. एकच माणूस दोन्ही असूं लागला, कीं कायदा त्याच्याकडे संशयानें पाहतो.

ही वांटणी मुळापासून नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हां त्यांस आजच्यासारखा व्हिसा लागला नाहीं. चिनी मजुरांस बंदी करणारा कायदा आदल्याच वर्षीं झाला होता. परंतु हिंदी विद्यार्थिनीस तेथें अटकाव नव्हता. त्यांस आधार मिळाला तो न्यूजर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंचा. गोपाळरावांचें पत्र एका मिशनरी मासिकांत वाचून या बाईंनीं पत्रव्यवहार सुरू केला, आणि पुढें आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या. रक्ताचें नातें नसतां पत्रांतून नातें जुळलें, आणि तेवढें पुरेसें झालें. १८८६ सालीं पदवी घेऊन त्या परतल्या, १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारल्या. आणि त्यांच्या अस्थि मात्र पोकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत विसावल्या. पाहुणी कीं आप्त, हा प्रश्न त्या घरानें विचारला नाहीं.

पुढें दरवाजे मिटूं लागले. १९१७ च्या कायद्यानें आशियाचा मोठा भाग ‘निषिद्ध प्रदेश’ ठरविला. हिंदुस्थान त्यांत आला. विद्यार्थी, शिक्षक, ग्रंथकार अशा कांहीं वर्गांस सूट होती, आणि त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी व सोळा वर्षांखालील मुलें यांस. या यादींत भावंडांचें नांव नाहीं. १९१८ सालीं धर्मानंद कोसंबी हार्वर्ड येथील कामासाठीं पुन्हां गेले, तेव्हां त्यांचीं मुलें माणिक व दामोदर त्यांच्याबरोबर होतीं. पुढें गणिती व इतिहासकार म्हणून गाजलेले दामोदर तेव्हां अकरा वर्षांचे होते. बापाबरोबर मुलगा जाऊं शकत होता. भावाच्या नात्यास त्या यादींत जागा नव्हती.

१९२३ सालीं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हिंदी माणूस नागरिकत्वास अपात्र ठरविला. १९२४ च्या कायद्यानें अशा अपात्रांस कायमच्या वस्तीसाठीं येण्याची बंदी केली. केवळ अध्ययनासाठीं येणाऱ्यास तेवढी मोकळीक ठेवली. विद्यार्थी हा पाहुणाच, ही समजूत अशा रीतीनें कायद्याच्या अंगांत मुरली. आपल्याकडील रीतहि तिला पोषकच होती. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलची पदवी घेऊन परतले. आंबेडकरांनीं १९१३ सालीं बडोद्याची शिष्यवृत्ति घेतांना परत येऊन संस्थानची सेवा करण्याचा करार लिहून दिला होता.

१९४६ सालीं हिंदी लोकांस नागरिकत्व खुलें झालें, पण वर्षाला जागा अवघ्या शंभर! १९५२ च्या कायद्यानें नागरिकांच्या भावाबहिणींस अग्रक्रमांत चौथें स्थान दिलें. परंतु शंभर जागांत तें स्थान नांवापुरतेंच राहिलें. खरी वाट उघडली ती १९६५ सालीं. राष्ट्रांवार वांटे मोडले, एका देशास वर्षाला २०,००० पर्यंत जागा मिळाल्या, आणि नागरिकांच्या भावंडांसाठीं शेंकडा २४ जागा राखल्या गेल्या. येथें इतिहासाचा एक विनोद आहे. नात्यास प्राधान्य द्यावें, असा आग्रह मायकेल फीगन या प्रतिनिधीनें धरला होता. तिकडे ज्यांचे आप्त आहेत ते बहुतेक युरोपीयच, तेव्हां देशाचा तोंडवळा बदलणार नाहीं, असा तो हिशेब. आपले डॉक्टर व इंजिनीयर प्रथम विद्येच्या बळावर गेले, नागरिक झाले, आणि मग त्यांनीं याच कलमाखालीं भावंडांस बोलावलें. हिशेब पार उलटला.

पण वाट उघडली तशी तिच्यावर गर्दीहि झाली. १९९० च्या कायद्यानें सर्व जगांतील भावंडांसाठीं वर्षाला ६५,००० जागा ठरल्या, आणि कोणत्याहि एका देशास एकंदर जागांपैकीं शेंकडा सातांहून अधिक मिळूं नयेत असें बंधन राहिलें. परिणाम असा कीं, २०२५ सालीं हिंदी भावंडांपैकीं पाळी आली ती २००६ सालीं अर्ज झालेल्यांची. अर्ज करणारा नागरिक असून एकवीस वर्षांचा असावा लागतो. नुसता कायम रहिवासी भावासाठीं अर्ज करूं शकत नाहीं. शिवाय १९९६ पासून बोलावणाऱ्यास पोषणाची लेखी हमी द्यावी लागते, आणि ती न्यायालयांत वसूल होण्याजोगी असते.

आतां पालीच्या एखाद्या घरांतील बावीस वर्षांचा मुलगा कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. दादानें आज सही केली, आणि वेग हाच राहिला, तर पाळी येईल तेव्हां तो चाळिशी ओलांडलेला असेल. मधल्या काळांत त्या सहीनें त्याला तेथें एक दिवसहि अधिक राहण्याचा हक्क मिळत नाहीं. उलट, विद्यार्थ्याच्या व्हिसासाठीं परत जाण्याचा हेतु दाखवावा लागतो. आणि तुमच्यासाठीं कायम वास्तव्याचा अर्ज कोणी केला आहे काय, हा प्रश्न व्हिसाच्या अर्जांतच असतो. खरें सांगावें तर अधिकाऱ्यास शंका येण्याचा संभव. खोटें सांगावें तर पुढचे सर्वच मार्ग बंद होण्याचें भय. अर्ज झाला म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा आपोआप बुडतो असें नव्हे. पण सुटींत घरीं येऊन नवा व्हिसा घेण्याची वेळ आली, कीं ती शंका खिडकीपाशीं उभी राहते. आईच्या दुखण्याला यावें कीं न यावें, हा विचार त्यामुळें मुलाला करावा लागतो.

म्हणून भावाची सही निरुपयोगी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. तिचें स्वरूप मात्र नीट ओळखलें पाहिजे. ती विद्यार्थ्याच्या कामाची नव्हे. ती त्याच विद्यार्थ्याच्या चाळिशीनंतरच्या संसाराची, आणि त्या वेळीं एकवीस वर्षांखालीं असतील त्या त्याच्या मुलांची सोय आहे. धाकट्यानें आपलें शिक्षण, नोकरी आणि लग्न या सहीवर टांगून ठेवूं नये. थोरल्यानेंहि ती करण्यापूर्वीं धाकट्याचा पुढचा व्हिसा केव्हां लागणार हें विचारावें, आणि जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि घरच्यांनीं ही सही करावयाची कीं नाहीं हें ठरवितांना, पुढलीं वीस वर्षें आईबापांजवळ कोण राहणार, हेंहि त्याच बैठकींत ठरवावें. कारण अमेरिकेच्या कोणत्याहि कायद्यांत त्या प्रश्नासाठीं रकाना नाहीं.