मदतीची खोकी : एडिनबऱ्याहून काय पाठवावे, कसे पाठवावे



बातम्यांत पूर, भूकंप किंवा युद्ध आले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "घरात कपडे, ब्लँकेटं पडून आहेत, कुठे द्यायची?" ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी शिरले तेव्हा हाच प्रश्न होता आणि २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हाही हाच. भावना चांगलीच आहे. पण खोके भरण्याआधी थोडी माहिती असलेली बरी, म्हणून हा लेखप्रपंच.

एडिनबऱ्याचा अनुभव

आपल्या या शहराला अशा कामाचा मोठा अनुभव आहे. एप्रिल १९९२ मध्ये सारायेवोला वेढा पडला, तो फेब्रुवारी १९९६ पर्यंत उठला नाही. त्याच १९९२ साली इथल्या काही नागरिकांनी 'एडिनबरा डायरेक्ट एड' ही संस्था सुरू केली. लोकांकडून अन्न, कपडे, औषधे गोळा करायची, ट्रक भरायचे आणि स्वयंसेवकांनीच ते चालवत बोस्नियापर्यंत न्यायचे, अशी पद्धत. संस्थेच्या संस्थापकांपैकी डेनिस रुटोविट्झ हे पेशाने गणिती. गुणसूत्रांची चित्रे संगणकाकडून कशी तपासून घ्यावीत यावर ते एडिनबऱ्यातच संशोधन करत. बोटांचे ठसे ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वापरला जाणारा 'क्रॉसिंग नंबर' त्यांच्या १९६६ च्या कामातून आला, हे आम्हा संगणकवाल्यांना विशेष वाटते.

या कामाची किंमतही मोजावी लागली. जुलै १९९३ मध्ये क्रिस्टिन विटकट या स्कॉटिश शिक्षिका पतीसह संस्थेच्या ताफ्याबरोबर सारायेवोला गेल्या होत्या. सामान पोचवून परत निघताना लपून बसलेल्या बंदूकधाऱ्याच्या गोळीने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या निधीतून सारायेवोत अपंग मुलांसाठी दिवसभराचे काळजी केंद्र सुरू झाले. पुढे संस्थेने कोसोव्होत काम केले आणि लेबनॉनमधल्या डोंगराळ अरसाल गावी सीरियन निर्वासितांसाठीही केले.

खोके शेवटच्या माणसापर्यंत पोचवायला कोणीतरी जिवाची जोखीम घेतो. म्हणून त्यात आपण काय भरतो, याला महत्त्व आहे.

सामान कधी पाठवावे?

स्कॉटलंडमधलेच दुसरे उदाहरण पाहा. १९९२ मध्येच डालमॅली या गावच्या मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो आणि त्यांच्या भावाने मदतीचे सामान लँडरोव्हरमध्ये भरून बोस्नियाला नेले. एकच खेप करायची होती, पण परत येऊन पाहतात तो आईवडिलांची शेड लोकांनी आणून दिलेल्या सामानाने भरलेली! त्यातून जी संस्था उभी राहिली, तिने २००२ मध्ये मलावीत 'मेरीज मील्स' हा शाळेतल्या जेवणाचा उपक्रम सुरू केला. आज २० लाखांहून अधिक मुलांना शाळेच्या दिवशी जेवण मिळते. मात्र हे जेवण स्कॉटलंडहून जात नाही. मलावीत मका-सोयाबीनची पेज तिथल्याच धान्याची असते आणि गावातलेच स्वयंसेवक ती शिजवतात. आपल्याकडच्या शाळेतल्या खिचडीसारखेच म्हणा ना. धान्य तिथे विकत घेतले की तिथल्या शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतात.

उलट उदाहरण आपल्याच देशातले. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. न मागितलेले कपडे, तेही न निवडता पाठवलेले! 'गूंज' या संस्थेने ते गोळा करून, निवडून कामी आणले. पण संकटाच्या वेळी हे एक वाढीव कामच झाले.

तेव्हा साधा नियम असा : पलीकडे सामान उतरवून घेणारे माणूस असेल आणि त्याने यादी दिली असेल, तरच सामान पाठवावे. नाहीतर पैसे पाठवावेत.

उरलेले अन्न

पाकिटावरच्या दोन तारखांत फरक आहे. 'यूज बाय' ही सुरक्षिततेची तारीख. ती उलटलेला पदार्थ कोणालाही देऊ नये. 'बेस्ट बिफोर' ही दर्जाची तारीख. ती उलटली तरी पदार्थ बहुधा खाण्याजोगा असतो. पण परदेशी जाणाऱ्या मालाला वाटेत आठवडे लागतात, म्हणून भरपूर मुदत शिल्लक असलेलेच द्यावे. दुकानांतले ताजे, जास्तीचे अन्न 'फेअरशेअर'सारख्या संस्थांमार्फत याच देशातल्या गरजूंना पोचते. सणाच्या कार्यक्रमाआधी जास्तीची न फोडलेली पाकिटे आली असतील, तर ती जवळच्या फूडबँकेत देणे उत्तम.

ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, ब्रिटनमधून युरोपीय संघात जाणाऱ्या मालाला सीमेवर कागदपत्रे लागतात. मांस आणि दुधाच्या पदार्थांचे नियम फारच कडक आहेत. तुपाचा एक डबा सापडला तरी अख्खा ट्रक खोळंबू शकतो.

खोके भरताना

• एका खोक्यात एकाच प्रकारची वस्तू. साबण आणि अन्न एकत्र नको, तांदळाला वास लागतो.
• बाहेर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत : वस्तू, संख्या, कपड्यांचे माप, स्त्री/पुरुष/मूल. जकातीसाठी हीच यादी लागते.
• कपडे धुतलेले, बटणे-चेन धड असलेले. आपण पाहुण्यांना देऊ असेच.
• वजन एका माणसाला उचलता येईल एवढेच.
• डबे हाताने उघडता येणारे. लोणची, तेल, काचेच्या बरण्या नकोत.
• घरातली औषधे घालू नयेत.

पैसे पाठवताना

स्कॉटलंडमधली संस्था खरी आहे का, हे स्कॉटिश धर्मादाय नियामकाच्या नोंदवहीत पाहता येते; नोंदणी क्रमांक 'एससी' या अक्षरांनी सुरू होतो. तुम्ही इथे पुरेसा कर भरत असाल तर 'गिफ्ट एड'वर खूण करा. दर पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात, आपला खिसा हलका न होता. १९६३ पासून चालत आलेली 'डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटी' मोठ्या आपत्तीत अनेक संस्थांसाठी एकत्र निधी गोळा करते. तीही पैसेच घेते.

भारतात द्यायचे असेल तर पासपोर्ट पाहा. ब्रिटिश पासपोर्टवाले (ओसीआय असले तरी) २०१० च्या परकीय योगदान कायद्यानुसार परकीय ठरतात. त्यांनी त्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेलाच, आणि तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच पैसे द्यावेत. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय योगदान धरली जात नाही. तरी संस्थेला आधी विचारून घ्यावे. कपडे मात्र इथून पाठवू नयेत. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत.

तर मंडळी, पुढच्या वेळी कपाट उघडण्याआधी एक फोन करा आणि विचारा, "तुम्हाला काय हवे आहे?" उत्तर "ब्लँकेटं" असेल तर खोकी भरायला आम्ही आहोतच, टेप आणि मार्कर घेऊन. उत्तर "पैसे" असेल तर तेही मनापासून देऊ.

चूकभूल द्यावी घ्यावी.