पबमधलं व्हीगन ताट



लेस्टरला लेकीकडे असताना जावयांनी दुपारी पबमध्ये जेवायला नेलं. पूर्वी इंग्लंडातल्या कितीतरी पबांत बटाट्याचे काप गाईच्या चरबीत तळत, बिअर माशाच्या फुग्यातल्या पदार्थानं नितळ करत. म्हणून यादीत 'व्हीगन' वाचून हायसं वाटलं. मुळात शाकाहारीच असलेल्या डोनाल्ड वॉटसन आणि सोबत्यांनी १९४४ साली तिथंच हा शब्द घडवला. मध आपणही खात नाही. त्यांनी दूधतूपही सोडलं.

ताट आलं, तर कांदा, लसूण, बटाटा! कंदमुळांतले जीव त्यांच्या हिशेबात नव्हते. मी नुसता पाव आणि वाटाणे खाल्ले.

पण वासरू माझ्या हिशेबात कुठं होतं? दुसऱ्या दिवशी चहात दूध घालताना हात थबकला.