'रानी ऑफ एलोरा': एअर इंडियाचं जुनं विमान गोव्यात कुठे पाहाल?

गंगापूर रोडवरच्या नाशिककरांना विमानांचं अप्रूप नाही. जवळच ओझरला मिग लढाऊ विमानं बनली. पण जुनं प्रवासी विमान पाहायचं, तर गोव्याच्या सहलीत एक सकाळ राखून ठेवावी.

दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळो रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. ते १९९८ मध्ये सुरू झालं. तिथे उघड्यावर चार पंख्यांचं, शेपटीला तीन उभे पंख असलेलं अवाढव्य विमान दिसतं: लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. खुणा नौदलाच्या असल्याने पटकन कळत नाही, पण हे मूळचं एअर इंडियाचं. नाव 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळचं! १९५० च्या दशकात मुंबईहून परदेशी जाणारे प्रवासी अशाच विमानांत बसत. १९६० मध्ये बोईंग ७०७ जेट आली आणि पंख्यांच्या विमानांचे दिवस सरले. ही 'रानी' आधी हवाई दलाकडे, मग १९७६ मध्ये नौदलाकडे समुद्रावरच्या टेहळणीसाठी गेली. एरवी बहुधा भंगारातच निघाली असती.

खाऱ्या हवेत धातू लवकर गंजतो, त्यामुळे भेट फार लांबवू नये. सोमवारी संग्रहालय बंद असतं. विमानाने जाणार असाल तर तिकीट दाबोळीचं काढा. मोपा विमानतळ पेडण्यात आहे, तिथून बराच वेळ लागतो.