नाणार ते बारसू: सौदी अरेबिया आणि अबुधाबीच्या भागीदारीतली रिफायनरी कोकणात का झाली नाही?

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथे येणाऱ्या पिकअपमधलं डिझेल, गावातल्या घराघरातला गॅस सिलिंडर आणि उसाला टाकलेला युरिया, या तिन्ही गोष्टींचा धागा आखाती देशांपर्यंत जातो. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. स्वयंपाकाच्या गॅसचा निम्म्याहून जास्त हिस्सा आयात होतो आणि त्यातला बहुतांश आखातातून येतो. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि तो वायूही बऱ्याच प्रमाणात कतारसारख्या देशांतून जहाजाने येतो.

म्हणूनच पंतप्रधान रियाधला किंवा अबुधाबीला गेले की संयुक्त निवेदनात ‘ऊर्जा सहकार्य’ हा शब्द ठरलेला असतो. पण या सहकार्यात कोण कोणाला नेमकं काय देतं? ते समजून घ्यायला महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे, रत्नागिरीच्या रिफायनरीचं.

करार काय होता?

सप्टेंबर २०१७ मध्ये ‘रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. इंडियन ऑइलचा वाटा ५० टक्के, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचा प्रत्येकी २५ टक्के. क्षमता ठरली वर्षाला ६ कोटी टन, म्हणजे दिवसाला सुमारे १२ लाख बॅरल. मुकेश अंबानींच्या जामनगरच्या तोडीचा हा आकडा होता. खर्चाचा अंदाज ३ लाख कोटी रुपये.

एवढा पैसा तीन सरकारी कंपन्यांना एकट्याने उभा करणं अवघड होतं. ११ एप्रिल २०१८ ला दिल्लीत सौदी अरेबियाच्या अरामकोने या प्रकल्पासाठी सामंजस्य करारावर सही केली. २५ जूनला अबुधाबीची सरकारी तेल कंपनी ‘ॲडनॉक’ही आली. दोघांचा मिळून वाटा ५० टक्के आणि उरलेला ५० टक्के भारतीय कंपन्यांचा, असं ठरलं.

आता विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या दारात कारखाना का काढावा? कारण विकणाऱ्यालाही धास्ती असते. युरोप-अमेरिकेत तेलाची मागणी फारशी वाढणार नाही, चीनची वाढही कधीतरी मंदावणार. उरतो भारत. इथल्या रिफायनरीत मालकी असली की आपल्या तेलाला पुढची कित्येक वर्षं हक्काचं गिऱ्हाईक मिळतं. रत्नागिरीत लागणाऱ्या तेलातला मोठा वाटा भागीदारांनीच पुरवावा, अशी बोलणी त्यामुळेच होती. शिवाय पेट्रोल-डिझेल मागे पडलं तरी प्लास्टिक आणि रसायनांची मागणी राहील, या हिशोबाने प्रकल्पात पेट्रोकेमिकल्सवरही भर होता. भारताला भांडवल आणि पुरवठ्याची खात्री, सौदीला आणि अबुधाबीला बाजाराची खात्री. स्वस्त तेलाचा यात कुठेही उल्लेख नव्हता.

मग पेट्रोल स्वस्त झालं असतं का?

रिफायनरी झाली असती तर महाराष्ट्रात इंधन स्वस्त मिळालं असतं, असा दावा अधूनमधून फिरत असतो. तो टिकत नाही. मुंबईत माहुलला पन्नासच्या दशकापासून दोन रिफायनऱ्या आहेत. तिथून पाइपलाइनने माल लोणी काळभोर आणि मनमाडपर्यंत जातो. तरीही राज्यातले दर देशातल्या महागड्या दरांमध्ये मोडतात, कारण दर ठरतो तो आंतरराष्ट्रीय भावावर आणि त्यावर लागणाऱ्या केंद्र-राज्याच्या करांवर. अरामको आशियाई गिऱ्हाइकांसाठी दर महिन्याला विक्रीचा भाव जाहीर करते आणि तो ओमान-दुबईच्या बाजारभावाशी बांधलेला असतो. भागीदारीमुळे त्या भावात सूट मिळते असं नाही.

मैत्री आणि भाव या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे २०२१ मध्ये उघडपणे दिसलं. तेल महागत होतं आणि उत्पादन वाढवा, अशी विनंती पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान तेल उत्पादक देशांना करत होते. २०१८ मध्ये अरामकोबरोबरचा करार झाला तेव्हाही मंत्री तेच होते. त्यावर सौदीचे ऊर्जामंत्री अब्दुलअझीझ बिन सलमान म्हणाले की, भारताने आदल्या वर्षी स्वस्तात घेऊन साठवलेलं तेल वापरावं. बोलणं खोचक होतं, पण माहिती खरी होती. कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये भाव कोसळले तेव्हा भारताने बॅरलला सरासरी १९ डॉलरच्या आसपास दराने आपले भूमिगत साठे भरून घेतले होते. प्रधानांना हे उत्तर आवडलं नाही आणि सरकारी कंपन्यांनी सौदीकडची खरेदी कमी करायला घेतली.

पुढच्याच वर्षी युक्रेन युद्ध सुरू झालं. तोवर भारताच्या आयातीत रशियन तेल २ टक्क्यांच्याही आत होतं, ते वर्ष-दीड वर्षात एक तृतीयांशाच्या वर गेलं. कारण साधं होतं, रशिया सूट देत होता. अरामको आणि ॲडनॉकची मिळून निम्मी मालकी असलेल्या रिफायनरीत असा पटकन पुरवठादार बदलणं इतकं सोपं गेलं नसतं. हक्काच्या पुरवठ्याची ही दुसरी बाजू करारांच्या बातम्यांमध्ये क्वचितच येते.

जमीन कोणाची होती?

दिल्लीत सह्या झाल्या, पण जमीन राजापूर तालुक्यातली नाणार परिसराची १४ गावं आणि शेजारच्या देवगड तालुक्यातल्या काही भागाची होती. १८ मे २०१७ ला तिथे औद्योगिक क्षेत्राची अधिसूचना निघाली, तेव्हा अरामकोबरोबर करार झालेला नव्हता. हापूसच्या आणि काजूच्या बागा, विजयदुर्ग खाडीतली मासेमारी, जांभ्याच्या सड्यांवरचं पाणी, हे सगळं धोक्यात येईल म्हणून गावकरी उभे राहिले. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. समर्थकही होते. राजापुरात आणि मुंबईतल्या चाकरमान्यांमध्ये ‘पोरांना गाव सोडायला लागू नये’ म्हणणारे लोक कमी नव्हते, आणि त्यांचं म्हणणं खोटं म्हणता येणार नाही.

शेवटी निकाल लागला तो राजकारणात. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोकसभेसाठी भाजप-शिवसेनेची युती झाली, त्यात नाणारचा प्रकल्प हलवण्याचं ठरलं. मार्चच्या सुरुवातीला अधिसूचना रद्द झाली.

जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच तालुक्यातलं बारसू सुचवलं. तिथली बहुतेक जमीन पडीक असल्याचं त्यात म्हटलं होतं. पण कोकणातल्या सड्याला पडीक म्हणणं म्हणजे तो पावसाळ्यात न बघितल्यासारखं आहे. तिथे चारा असतो, तिथूनच झऱ्यांना पाणी जातं. आणि बारसूच्या सड्यावर तर कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यात बारसूचं नाव आहे.

एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी यंत्रं आली तेव्हा बायका भर उन्हात सड्यावर झोपल्या. जमावबंदी, अटका आणि अश्रुधूर हे सगळं झालं. ६ मे ला उद्धव ठाकरे आंदोलकांना भेटायला बारसूत गेले. तोवर ते मुख्यमंत्री राहिले नव्हते आणि पत्र लिहिणारेच आता विरोधात का, हा प्रश्न त्यांना विचारला गेलाच.

सहकार्य थांबलं का?

नाही, ते दुसरीकडून चालू राहिलं. अबुधाबीने मंगळुरूच्या भूमिगत साठ्यात स्वतःचं तेल ठेवलं. त्यातलं काही तेल ते विकू शकतात, पण आणीबाणीत त्यावर पहिला हक्क भारताचा. आपत्तीच्या दृष्टीने रिफायनरीपेक्षा हे जास्त उपयोगी म्हणावं लागेल, कारण विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर मिळून सरकारी साठ्यांची क्षमता जेमतेम साडेनऊ दिवसांची आहे. भारतीय कंपन्यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये ६० कोटी डॉलर देऊन अबुधाबीच्या समुद्रातल्या ‘लोअर झाकूम’ तेलक्षेत्रात १० टक्के वाटा घेतला. कतारबरोबरचा वायूचा जुना करार २०२४ मध्ये आणखी २० वर्षांनी, २०४८ पर्यंत वाढवला गेला. काष्टीच्या उसाच्या दृष्टीने तिन्हींत जवळचा करार हाच.

आयात कमी करण्याची धडपडही चालू आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला आणि त्यातलं बरंचसं उसातून येतं. श्रीगोंदा तालुक्यातल्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ सांगायला नको. पण ऊस पिकवायला पुन्हा युरिया आणि डिझेल लागतंच.

सप्टेंबर २०२३ मध्ये सौदीचे युवराज मोहम्मद बिन सलमान दिल्लीत आले, तेव्हा १०० अब्ज डॉलरच्या संभाव्य गुंतवणुकीपैकी निम्मी पश्चिम किनाऱ्यावरच्या रिफायनरीसाठी असल्याचं सांगितलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी जेद्दाला गेले तेव्हाच्या संयुक्त निवेदनात भारतात २ रिफायनऱ्या उभारण्यासाठी सहकार्य करण्याचं ठरलं. त्या कुठे होणार, हे निवेदनात नव्हतं.